घरी बांधलेल्या विमानातली वीज आणि हेडसेटमधली शिट्टी

कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांसमोर आले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली. हौशी माणसाने स्वतःच्या हातांनी बांधलेले विमान हा प्रकार त्या निमित्ताने अनेक मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. अशा विमानाची बातमी येते तेव्हा बोलणे होते ते पंखांचे, इंजिनाचे आणि परवानग्यांचे. आतल्या वायरिंगकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. बांधणाऱ्याला मात्र शेवटच्या टप्प्यात पुष्कळदा तेच सर्वांत जास्त छळते. विमान उडते, इंजिन ठीक चालते, पण हेडसेट कानाला लावला की इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी एक बारीक शिट्टी ऐकू येते आणि ती कुठून येते हे काही केल्या कळत नाही.

या छंदाचे मोठे घर अमेरिका आहे. तिथे १९५३ साली स्थापन झालेली ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था दरवर्षी विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश येथे मेळावा भरवते. तिथल्या कायद्यानुसार विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेले असले, तर ते ‘हौशी बांधणीचे’ म्हणून नोंदवता येते. ऑरेगन राज्यातल्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ या एकाच कंपनीच्या किटवरून बांधलेली ११,००० हून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. किटबरोबर पत्रे, रिव्हेट आणि सांगाड्याची तपशीलवार रेखाचित्रे येतात. समोरच्या पॅनेलवर कोणती उपकरणे बसवायची, बॅटरी कुठे ठेवायची आणि वायर कशा फिरवायच्या हे मात्र बऱ्याच अंशी बांधणाऱ्यावर सोपवलेले असते. कारखान्यात बनलेल्या विमानात हे काम अभियंत्यांच्या पथकाने करून, तपासून ठेवलेले असते. इथे ते एखादा दंतवैद्य किंवा शिक्षक आपल्या गॅरेजमध्ये करत असतो.

चार्जिंग आणि खरखर हे दोन विषय इथे एकत्र घेतले आहेत, कारण दोन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा एकच निघते. वीज उपकरणाकडे जाते कशी याचा विचार झालेला असतो. ती परत कशी येते याचा झालेला नसतो.

वीज येते कुठून

छोट्या विमानात वीज देणारी दोन साधने असतात. अल्टरनेटर हे इंजिनावर फिरणारे जनित्र आहे आणि बॅटरी हा साठा आहे. अल्टरनेटरमध्ये मुळात एसी वीज तयार होते आणि त्याच्या पोटातले डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तिची डीसी करतात. किती वीज निर्माण करायची हे रेग्युलेटर ठरवतो. तो अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीला, जिला फील्ड म्हणतात, कमी-जास्त प्रवाह देऊन व्होल्टेज साधारण १४.२ व्होल्टवर धरून ठेवतो. पूर्ण भरलेली, विश्रांतीत असलेली शिसे-आम्लाची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते; तिला भरायचे तर अल्टरनेटरला याहून वर राहावेच लागते. म्हणून उड्डाणात व्होल्टमीटर १३ च्या खाली उतरला, तर चार्जिंग थांबले आहे आणि आपण साठ्यावर उडत आहोत असे समजावे. १३ व्होल्टवर पेटणारा एक छोटा इशाऱ्याचा दिवा हा त्यामुळेच पॅनेलवरच्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त वस्तूंपैकी एक ठरतो.

बॅटरीचे काम इंजिन सुरू करण्यापुरते नसते. अल्टरनेटरच्या चढउतारांना ती आधार देते. बॅटरी मध्येच सुटली तर अल्टरनेटरचे व्होल्टेज अस्थिर होते आणि क्षणभराचे उसळलेले व्होल्टेजही नाजूक उपकरणांना पुरे असते.

अल्टरनेटर ‘गातो’ कसा

डायोडमधून बाहेर पडणारी डीसी वीज सपाट रेषेसारखी नसते. तिच्यावर बारीक लाटा उरलेल्या असतात. त्यांचा वेग कागदावर काढता येतो. इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर आहे आणि पुलीच्या मापामुळे अल्टरनेटर त्याच्या तिप्पट वेगाने फिरतो असे धरू. म्हणजे मिनिटाला ७,२०० किंवा सेकंदाला १२० फेऱ्या. अल्टरनेटरला चुंबकीय ध्रुवांच्या सहा जोड्या असतील, तर सेकंदाला ७२० आवर्तने होतात. तीन फेजच्या, म्हणजे एकामागोमाग चढउतार होणाऱ्या तीन एसी विजांच्या, दोन्ही बाजू डायोडमधून गेल्यावर प्रत्येक आवर्तनात सहा लाटा उरतात. एकूण ४,३२० हर्ट्झ. इंजिन १,००० फेऱ्यांवर उतरवले की तीच लाट १,८०० हर्ट्झवर येते. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असल्यामुळे अगदी क्षीण लाटही त्याला टोचते.

या हिशेबातून एक निदान फुकट मिळते. सहा डायोडपैकी एक आतून तुटला तर दर आवर्तनातल्या दोन लाटा गळतात आणि ७२० हर्ट्झचा जाडसर, मोठा आवाज उमटू लागतो. कालपर्यंत बारीक असलेली शिट्टी आज एकदम खालच्या पट्टीत घोगरी झाली, तर रेडिओला दोष देण्याआधी अल्टरनेटर उघडून पाहावा. मोठ्या भाराखाली व्होल्टेजही अशा वेळी पुरेसे टिकत नाही.

मॅग्नेटोचा आवाज वेगळा असतो. मॅग्नेटो म्हणजे बॅटरीवर अवलंबून न राहता इंजिनाची ठिणगी स्वतःच निर्माण करणारे यंत्र. चार सिलिंडरच्या इंजिनात २,४०० फेऱ्यांना प्रत्येक मॅग्नेटो सेकंदाला ८० ठिणग्या देतो. म्हणून त्याचा त्रास शिट्टीऐवजी जाड गुरगुरीच्या किंवा संथ वेगाला टकटकीच्या रूपात ऐकू येतो. जुन्या पद्धतीच्या झेनॉन दिव्यांचा वीजपुरवठा प्रत्येक लखलखाटाआधी चढत जाणारी ‘पीऊऽऽ’ काढतो. कान थोडा तयार झाला की यांत गल्लत होत नाही.

‘गाडीत हे सगळे चालते, मग विमानात का नाही?’

हा आक्षेप रास्त आहे, कारण अनेक घरगुती विमानांत अल्टरनेटर मोटारगाडीचाच असतो. फरक पडतो तो ऐकणाऱ्या उपकरणात. विमानांचा बोलण्याचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि एफएमऐवजी जुनी एएम पद्धत वापरतो. त्यामागे एक व्यावहारिक फायदा आहे. दोन वैमानिक एकाच वेळी बोलले तर नियंत्रकाला मिसळलेली किंचाळी ऐकू येते आणि कोणीतरी दुसरेही बोलत होते हे कळते. एफएममध्ये दुबळा संदेश गुपचूप गिळला जातो. पण एएम रेडिओ विजेच्या ठिणग्यांची खरखरही इमानदारीने ऐकवतो.

दुसरे कारण मायक्रोफोनचे आहे. आजच्या हेडसेटमधला मायक्रोफोन आधुनिक असला तरी त्याची जोडणी जुन्या काळच्या कार्बन मायक्रोफोनशी जुळेल अशीच ठेवलेली आहे. त्यामुळे त्याला लागणारी वीज आणि त्याने पाठवलेला आवाज एकाच तारेतून जातात. त्या विजेत किंवा तिच्या परतीच्या तारेत जी लाट येईल ती थेट आवाजात मिसळते.

परतीची वाट

विद्युतमंडल वर्तुळ असते, हे शाळेत शिकवले जाते आणि वायरिंग करताना विसरले जाते. बॅटरीच्या धन टोकापासून उपकरणापर्यंत आपण काळजीपूर्वक वायर नेतो, ब्रेकर लावतो, वायरवर नाव लिहितो. उपकरणाची दुसरी वायर मात्र जवळच्या पत्र्याला स्क्रूने टाचली जाते आणि काम संपले असे वाटते. ‘बॉडीला अर्थ दिला’ असे आपण म्हणतो आणि वीज तिथे जिरून गेली असा मनाचा समज होतो. प्रत्यक्षात तिला पत्रा, रिव्हेट, इंजिनाचा सांगाडा असे करत बॅटरीच्या किंवा अल्टरनेटरच्या ऋण टोकापर्यंत परत जायचे असते आणि वाटेत ती ज्या ज्या सांध्यांतून जाते, ते सगळे सांधे इतरांच्याही वाटेवर असतात.

जुन्या इमारतीत सगळ्या मजल्यांच्या मोऱ्या एकाच उभ्या नळीला जोडलेल्या असतात. चौथ्या मजल्यावर कोणी पिंप रिकामे केले की पहिल्या मजल्याच्या मोरीत गुडगुड होते, कधी पाणी वरही येते. पहिल्या मजल्यावरच्या नळात काहीच दोष नसतो. दोष नळी सामाईक असण्यात असतो आणि ती जितकी अरुंद तितका त्रास जास्त. अल्टरनेटर हा पिंप रिकामे करणारा, तर मायक्रोफोन पहिल्या मजल्यावरचा रहिवासी.

आकडे घेऊन पाहू. रंग न खरवडता बसवलेल्या एखाद्या स्क्रूच्या सांध्याचा रोध फक्त ०.००५ ओहम आहे. साध्या मल्टिमीटरवर तो शून्यच दिसेल. त्यातून अल्टरनेटरचे ३० अँपिअर परत जात असतील, तर सांध्याच्या दोन बाजूंमध्ये ०.१५ व्होल्ट, म्हणजे १५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्यातला दहावा भाग जरी लाटांचा असला तरी १५ मिलिव्होल्टची शिट्टी तयार झाली. मायक्रोफोनचा आवाज काहीशे मिलिव्होल्टचा असतो. त्याचा परतीचा मार्ग त्याच सांध्यातून गेला, तर ती शिट्टी बोलण्यात मिसळून नियंत्रकापर्यंत पोहोचते.

हीच गोष्ट कानाऐवजी डोळ्यांनाही दिसते. लँडिंग लाइट लावला की तेलाच्या तापमानाचा काटा पाच-दहा अंशांनी उडी मारतो, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. तेल अर्थातच तापलेले नसते. संवेदकाचा परतीचा मार्ग इंजिनावर आणि मीटरचा पॅनेलवर असतो. या दोन जागांमध्ये प्रवाहामुळे पडलेला फरक मीटर तापमान म्हणून वाचतो. अशा वेळी नवा संवेदक विकत घेणे व्यर्थ असते.

उपाय सोपा आहे, पण तो कागदावर, पहिली वायर कापण्याआधी करायचा असतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पोलादी पडद्यावर, म्हणजे फायरवॉलवर, पितळेची एक पट्टी बसवतात. बॅटरीचे ऋण टोक जाड वायरने तिथे येते, इंजिन रुंद विणलेल्या तांब्याच्या पट्ट्याने तिथे जोडले जाते आणि पॅनेलवरच्या प्रत्येक उपकरणाची परतीची वायर स्वतंत्रपणे तिथेच आणली जाते. शेपटीकडचा दिवा जवळच्या पत्र्याला जोडला तरी चालतो, कारण तो कोणाचे ऐकत नाही. नियम लागू होतो तो ऐकणाऱ्यांना आणि मोजणाऱ्यांना.

हेडसेटची प्लग जिथे बसते ते जॅक धातूच्या पॅनेलला चिकटून बसवले, तर त्यांना तिथेच एक दुसरी, न मागितलेली परतीची वाट मिळते. त्यासाठी जॅकच्या दोन्ही बाजूंना फायबर किंवा नायलॉनचे खांदेवाले वॉशर घालतात. किंमत चहाच्या कपाएवढी. आणि शिट्टीच्या किती तक्रारी एवढ्यावर मिटतात हे पाहिले की आश्चर्य वाटते. आवाजाच्या वायरींना आवरण असलेली केबल वापरतात आणि ते आवरण फक्त ऑडिओ पॅनेलच्या टोकाला जोडतात, दुसरे टोक मोकळे ठेवतात. दोन्ही टोके जोडली की आवरणच परतीची वाट बनते आणि ज्याच्यासाठी ते घातले तोच त्रास वाढवते. शिवाय आवरण विद्युत क्षेत्र अडवते. चुंबकीय क्षेत्रापुढे ते जवळजवळ निरुपयोगी असते. तिथे जाणारी आणि येणारी वायर एकमेकींभोवती पिळून नेणे हाच मार्ग, कारण समान आणि उलट प्रवाहांची क्षेत्रे एकमेकांना खोडतात. होकायंत्राजवळून जाणाऱ्या दिव्याच्या वायरींनाही हेच लागू आहे.

इंजिनाचा तो तांब्याचा पट्टा विसरणे धोकादायकच असते. स्टार्टर दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो आणि त्याला परतीची चांगली वाट मिळाली नाही तर तो थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या, म्हणजे इंजिनाची हवा आणि इंधन कमी-जास्त करणाऱ्या, नियंत्रण केबलींमधून वाट काढतो. त्या तापतात, क्वचित जळतात.

विमान फायबरग्लासचे असेल तर

अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांनी १९७० च्या दशकात रचलेली व्हेरीईझी आणि लाँग-ईझी ही विमाने फोमवर काचतंतूंचे थर देऊन बांधतात. इथे पत्राच नाही, म्हणून ‘बॉडी अर्थ’ही नाही. लाँग-ईझीमध्ये इंजिन मागे असते आणि तोल साधण्यासाठी बॅटरी बऱ्याचदा नाकात ठेवतात, त्यामुळे जाणारी आणि येणारी अशा दोन जाड केबली विमानभर न्याव्या लागतात. वजन वाढते, पण सामाईक वाटेचा गोंधळ आपोआप टळतो. काचतंतू रेडिओलहरींना अडवत नसल्यामुळे अँटेना तांब्याच्या पट्टीच्या रूपात थरांच्या आतच लपवता येतो. कार्बन तंतूंच्या विमानात मात्र हे जमत नाही, कारण कार्बन विद्युतवाहक आहे आणि लहरी अडवतो.

‘बाजारात फिल्टर मिळतो, तो लावला की झाले’

फिल्टरचे काम एकच असते: उपकरणाकडे जाणाऱ्या वायरमधल्या लाटा कमी करणे. विमानासाठी बनवलेली बहुतेक उपकरणे ‘डीओ-१६०’ या चाचणी-मानकाप्रमाणे अशा लाटा काही प्रमाणात सहन करतील अशीच रचलेली असतात. शिट्टी परतीच्या वाटेने किंवा मायक्रोफोनच्या तारेतून येत असेल, तर पुरवठ्याच्या वायरीत बसवलेला फिल्टर तिच्या वाटेवरच नसतो. उलट तो पॅनेलमागे बसवला तर अडवलेली लाट तो तिथल्याच परतीच्या पट्टीवर ओततो. माझे मत असे की फिल्टर हा शेवटचा उपाय मानावा आणि लावायचाच तर उगमाशी, अल्टरनेटरच्या अंगावर लावावा.

एका अपवादाची नोंद हवी. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स ९१२ या हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या इंजिनात अल्टरनेटरऐवजी कायम चुंबकाचे, सुमारे २५० वॅटचे एक-फेज जनित्र असते. त्याच्या लाटा मोठ्या असतात, म्हणून निर्माताच रेग्युलेटरच्या पुढे किमान २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवायला सांगतो. तो त्या व्यवस्थेचाच भाग आहे, ऐच्छिक नाही. त्याचा रेग्युलेटर बराच तापतो, त्यामुळे त्याला थंड हवा मिळेल अशी जागाही द्यावी लागते.

शोध कसा घ्यावा

एकेक शक्यता वगळत जाणे हाच मार्ग आहे. आधी इंजिन बंद ठेवून फक्त बॅटरीवर रेडिओ लावावा. तेव्हाही आवाज असेल तर अल्टरनेटर आणि मॅग्नेटो दोघेही निर्दोष आहेत. एकेक ब्रेकर ओढून कोणत्या उपकरणाबरोबर आवाज जातो ते पाहावे. मग चाकांना अडसर लावून, एक माणूस आसनावर ठेवून इंजिन सुरू करावे आणि अल्टरनेटरचा फील्ड स्विच बंद करावा. शिट्टी थांबली तर गुन्हेगार सापडला. फील्ड बंद करूनही इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणारा आवाज राहिला तर संशय ठिणगीच्या व्यवस्थेवर जातो.

त्यानंतरचा प्रश्न उगमाचा नसून वाटेचा आहे. रेडिओच्या आवाजाची खुंटी फिरवून शिट्टी कमी-जास्त होत नसेल, तर ती रेडिओच्या पुढे, इंटरकॉममध्ये किंवा जॅकवर शिरत आहे. खुंटीबरोबर बदलत असेल तर अँटेनाची केबल काढून पाहावी, फक्त केबल निघालेली असताना बोलण्याचे बटण दाबू नये. केबल काढल्यावर शांत झाले तर त्रास हवेतून अँटेनावाटे येत होता. तसाच राहिला तर वायरींमधून येत आहे. आणि आवाज फक्त आपण बोलतानाच, किंचाळीसारखा येत असेल, तर आपल्याच अँटेनाच्या लहरी मायक्रोफोनच्या वायरीत शिरत आहेत. अशा वेळी अँटेनाच्या बुडाशी पत्र्याचा चांगला संपर्क आहे का, केबलचे टोक नीट बसले आहे का, हे तपासायचे असते.

मॅग्नेटोची वायर हाताळताना एक इशारा जिवावरचा आहे. मॅग्नेटो बंद करणारी वायर त्याला परतीच्या वाटेशी जोडून गप्प करते. म्हणजे ती तुटली किंवा सुटली तर मॅग्नेटो जिवंत राहतो. स्विच बंद दिसत असला तरी हाताने फिरवलेला पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, इंजिन सुरू करू शकतो.

‘सगळे दिवे एलईडी केले आणि रेडिओ बिघडला’

एलईडी दिवे वीज कमी खातात, त्यामुळे चार्जिंगवरचा भार खरोखरच हलका होतो. पण त्यांच्या आतले, तसेच मोबाइल चार्ज करणाऱ्या यूएसबी सॉकेटमधले मंडल वीज सेकंदाला लाखो वेळा तोडून जोडते. या तोडजोडीतून मूळ वारंवारतेच्या पटींमध्ये लहरी निघतात आणि त्यांतल्या काही थेट रेडिओच्या पट्ट्यात पडतात. मग दिवा लावला की दूरच्या विमानतळाचा क्षीण आवाज खरखरीत बुडतो. हातात धरायचा छोटा विमान-रेडिओ घेऊन त्याचा अँटेना वायरींच्या जवळून फिरवला की खरखर कुठे वाढते हे कळते. उपाय म्हणजे त्या दिव्याच्या तोंडाशीच वायरवर योग्य जातीचा फेराइट, म्हणजे अशा लहरी शोषणारे कडे, चढवणे, आवरण असलेली वायर वापरणे, किंवा सरळ ते स्वस्त सॉकेट काढून टाकणे. शेवटचा उपाय लोकांना आवडत नाही, पण लागू पडतो.

जीपीएसचे प्रकरण याहून नाजूक आहे. त्याचे उपग्रह सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा १,५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा संदेश जमिनीजवळ अत्यंत क्षीण असतो. आपला स्वतःचा रेडिओ १३१.२५० मेगाहर्ट्झवर बोलू लागला तर त्या वारंवारतेची बारावी पट १,५७५ मेगाहर्ट्झ होते, म्हणजे जीपीएसच्या अगदी कुशीत. बोलण्याचे बटण दाबले की जीपीएसची जागा हरवते, या गूढ वाटणाऱ्या तक्रारीचे मूळ कधीकधी या साध्या गुणाकारात असते. म्हणून दोन्ही अँटेनांमध्ये जमेल तितके अंतर ठेवतात.

चार्जिंग बिघडते तेव्हा

बिघाड दोन दिशांनी होतो. रेग्युलेटर फील्डला पूर्ण प्रवाह देत अडकला तर व्होल्टेज वाढत जाते, बॅटरी काही काळ ते शोषून घेते आणि मग लाखोंची उपकरणे एकत्र जळू शकतात. त्यासाठी सुमारे १६ व्होल्टला फील्डचा ब्रेकर उडवणारे छोटे संरक्षक मंडल लावतात. मोटारीच्या अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर आतच बसवलेला असल्याने बाहेरून त्याचा फील्ड खात्रीने तोडता येत नाही. काही जण त्याच्या मुख्य तारेत तोडणारा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठ्या प्रवाहाचा स्विच, बसवतात. पण भर प्रवाहात तो उघडला तर उसळलेल्या व्होल्टेजने अल्टरनेटरच मरू शकतो. बांधणाऱ्यांमध्ये यावर दोन तट आहेत. मला बाहेरचा रेग्युलेटर आणि तोडता येणारा फील्ड अधिक पटतो, कारण त्यात शेवटचा निर्णय वैमानिकाच्या हातात राहतो.

मधला एक चमत्कारिक प्रकारही आहे. अँपिअर-मीटरचा काटा सतत नाचतो, दिवे मंद-तेज होतात. अनेकदा रेग्युलेटर चांगलाच असतो; ज्या वायरीतून तो फील्डला वीज देतो त्याच वायरीतून तो व्होल्टेज मोजत असतो आणि वाटेतल्या स्विचचे संपर्क जुने झालेले असतात. प्रवाह वाढला की मोजमाप खाली येते, तो आणखी प्रवाह देतो, आणि हा खेळ चालू राहतो. मोजण्याची वायर वेगळी केली, किंवा नुसता स्विच बदलला, तरी काटा स्थिर होतो.

व्होल्टेज खाली गेले तर प्रश्न वेळेचा असतो. १७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर तीन-चतुर्थांशच भरवसा ठेवला तर हाताशी साधारण १२.७ उरतात. पाच अँपिअरवर भागवले तर अडीच तास मिळतात. १५ अँपिअर चालू ठेवले तर हिशेबाने ५१ मिनिटे, आणि मोठ्या प्रवाहाला शिसे-आम्लाची बॅटरी कमीच देत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून अत्यावश्यक उपकरणांना मुख्य कॉन्टॅक्टर वगळून थेट बॅटरीतून वीज देणारा दुसरा रस्ता ठेवतात. तो कॉन्टॅक्टर स्वतःच जवळपास एक अँपिअर खात असतो.

‘मॅग्नेटो आहे, वीज गेली तरी इंजिन चालेल’ हा युक्तिवाद मॅग्नेटोच्या इंजिनापुरता बरोबर आहे. इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याचे इंजिन असेल तर वीज गेली की इंजिन गेले. हलक्या लिथियम बॅटरीवर लिहिलेला मोठा आकडा पुष्कळदा स्टार्टर फिरवण्याच्या ताकदीचा असतो, साठ्याचा नसतो. शिवाय तिच्या आतले संरक्षक मंडल व्होल्टेज वाढल्यावर बॅटरीला तोडून बाजूला करू शकते, आणि मग अल्टरनेटर बॅटरीविना एकटा पडतो.

पाऊस, धूळ आणि दुसरे चार्जिंग

‘चार्ज’ होणे विमानाच्या सांगाड्यालाही लागू आहे. पावसाचे थेंब, धूळ किंवा हिमकण घासून गेल्याने त्यावर स्थिर विद्युतभार साठतो आणि टोकांवरून तो हवेत गळू लागला की रेडिओवर सलग फसफस येते. वेगवान विमानांच्या पंखांच्या मागच्या कडेला दिसणाऱ्या बारीक दांड्या हा भार शांतपणे सोडून देण्यासाठी असतात. स्वच्छ हवेत उडणाऱ्या संथ घरगुती विमानाला त्या क्वचितच लागतात. पण हलणारे भाग, म्हणजे एलेरॉन, रडर यांसारखे, लवचिक पट्ट्याने सांगाड्याशी जोडलेले असणे बरे, नाहीतर बिजागरीतच बारीक ठिणग्या पडतात.

‘आवाज थोडासाच आहे, सहन केला तर?’

तात्पुरते चालते. अडचण अशी की सवयीची झालेली शिट्टी बदलली तरी लक्षात येत नाही, आणि बदललेली शिट्टी ही निकामी झालेल्या डायोडची किंवा सैल पडत चाललेल्या सांध्याची पहिली खूण असू शकते. अमेरिकेत अशा विमानांना सहसा सुरुवातीचे २५ ते ४० तास ठरावीक भागातच चाचणी-उड्डाण करावे लागते. त्या काळात चार्जिंगचे व्होल्टेज, प्रत्येक दिवा लावल्यावरचा प्रवाह आणि कोणत्या वेगाला कोणता आवाज येतो याची नोंद केली, तर पुढे तुलना करायला काहीतरी हाती राहते. या नोंदी आणि वायरींचा अद्ययावत नकाशा विमानाच्या वहीतच ठेवावा, कारण ही विमाने विकली जातात आणि नव्या मालकाला त्या वायरिंगचे निर्मात्याचे पुस्तक कुठेही मिळत नाही.